कृष्णेच्या काठाकाठाने: वाई ते खिद्रापूर, सायकलवर

वाई समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर आहे, सांगली 550 च्या आसपास. मधलं अंतर गावरस्त्यांनी पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. एवढ्या लांबीत नदी जितकी उतरते तितकंच आपण उतरतो. डोळ्यांना उतार दिसत नाही, पायांना मात्र कळतो. घाट चढवत नाही म्हणून सायकल गॅलरीत उभी करून ठेवलेल्या कितीतरी जणांना मी हेच सांगत असते की डोंगर सोडा, नदी धरा. कृष्णाकाठ त्यासाठी महाराष्ट्रातला सगळ्यात चांगला रस्ता आहे, असं माझं पक्कं मत आहे.

भाचीची सेमिस्टर परीक्षा संपली आणि जानेवारीच्या अखेरीला आम्ही दोघी निघालो. दोघींच्याही साध्या एमटीबी, म्हणजे कच्च्या वाटांसाठीच्या जाड टायरच्या सायकली, पुढे सस्पेन्शन, मागे कॅरियरवर एकेक पिशवी. रोड बाइक या वाटेला नको. निम्मा रस्ता डांबरी असला तरी उरलेला मुरमाचा, पाणंदीचा आणि पाटाच्या कडेचा आहे, आणि खरी मजा त्या उरलेल्यातच आहे. पुण्याहून वाईपर्यंत सायकली टेम्पोतून आणल्या.

दिवस पहिला: वाई, मेणवली, धोम

सकाळी सातला गणपती घाटावर पोहोचलो तेव्हा नदीवर धुकं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलं. समोरून सगळेच बघतात, पण मागे जाऊन भिंत बघावी. माशासारखी निमुळती केली आहे, म्हणजे पुराचं पाणी देवळावर न आदळता दोन्ही बाजूंनी फाटून जावं. अडीचशे वर्षं ते पाणी फाटतंय आणि देऊळ उभं आहे. पुढे सांगलीपर्यंत पुराच्या खुणा दिसत राहिल्या, तेव्हा ही भिंत सारखी आठवत होती.

वाईत या दिवसांत कृष्णाबाईचे उत्सव असतात, प्रत्येक घाटाचा आपापला. एका घाटावर मांडव पडला होता, मोठ्या पातेल्यात आमटीला उकळी येत होती. आम्ही सायकली टेकवून फक्त बघत होतो, तर एक आजी म्हणाल्या, "बघत काय उभ्या राहिलात? बाराला पानं मांडतो. नदीबाईचा प्रसाद आहे, चुकवू नका." त्यामुळे दिवसाचा बेत प्रसादाभोवती फिरवला: आधी मेणवली, मग जेवण, मग धोम.

मेणवली तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागचा चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. घाटावरच्या देवळीत टांगलेली पंचधातूची घंटा नीट न्याहाळावी. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली त्या मोहिमेतून आलेल्या घंटांपैकी ही एक; अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. सकाळच्या उन्हात तो कोरीव भाग बोटांनी चाचपता येईल इतका उठून दिसतो.

प्रसाद पंगतीत झाला. गरम भात, आमटी, गव्हाची खीर. जेवून लगेच पेडल मारायचं नव्हतं म्हणून तासभर घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. मग धोम, नऊ-दहा किलोमीटर, दुतर्फा झाडी. तिथल्या देवळापुढे दगडी कमळाच्या आकाराचं कुंड आहे, त्यात कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी असलं की कासव तरंगल्यासारखं वाटतं. आम्ही गेलो तेव्हा पाणी होतं.

धरणाच्या फुगवट्याच्या कडेने पाणी ओसरलेल्या भागात कच्ची वाट सुटते. बारीक खडी, मधूनच मऊ गाळ. एमटीबी पहिल्यांदा कच्च्यावर घालणाऱ्यांनी सराव इथे करावा. पडलंच तर मातीत पडायचं, वाहन एकही नाही. भाचीला इथे हलक्या गिअरचा अंदाज आला आणि पुढचे सगळे दिवस तो उपयोगी पडला.

दिवस दुसरा: वाई, लिंब, माहुली

बावधनवरून निघालो. रंगपंचमीला इथे बगाडाची यात्रा भरते, तेव्हा या रस्त्याने सायकल काय, पायी चालणंही कठीण. आज मात्र फक्त दुधाच्या कॅनवाल्या मोटारसायकली. महामार्ग एकदा ओलांडावा लागतो. भुयारी मार्गच वापरा. दुभाजकातल्या फटीतून सायकल उचलून नेणारे बरेच दिसतात, त्यांच्या नादी लागू नका.

लिंबची बारा मोटांची विहीर हा या दिवसाचा गाभा. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात विरूबाईसाहेबांनी बांधून घेतली. शिलालेखात शके 1641 ते 1646 असा काळ आहे, म्हणजे इसवी सनाच्या 1719 ते 1724. कित्येक ठिकाणी शकाचे आकडे इसवी सन म्हणून छापलेले दिसतात, त्याने विहीर फुकट ऐंशी वर्षं म्हातारी होते. अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडलेली आयताकृती विहीर आणि दोन्हींच्या मधल्या पुलावर चक्क एक छोटा महाल. पायऱ्यांनी खाली गेलं की बाहेरचं ऊन, आवाज, सगळं तुटतं.

वर मोटांच्या जागा अजून शाबूत आहेत. तिथे एक ऐंशीच्या पुढचे आजोबा शेळ्या घेऊन बसले होते. भाचीने विचारलं, "आजोबा, मोट म्हणजे नक्की कसं चालायचं?" आजोबा उठले, काठी जमिनीवर टेकवून उतार दाखवला. "ही धाव. बैलं हितनं खाली जायची, तसं कातड्याची मोट वर यायची. वर आली की सोंड सुटायची आन् पानी ह्या दगडी पाटात. मग बैलं पाठमोरी मागं. ती मागं चालवनं सोपं न्हवं, बैल शिकवाय लागायचा." मग त्यांनी पाठमोऱ्या बैलाला घालायची हाक घातली. खणखणीत. विहिरीतून ती परत आली. भाचीने फोन काढलाच नाही, नुसती ऐकत राहिली. आजोबांनी ती हाक अजून दोनदा घातली, तिच्यासाठी.

लिंबहून माहुलीकडे पाणंदीने जाताना भाचीचं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. या सगळ्या पट्ट्यात शेताला कुंपण म्हणून बाभळीच्या फांद्या रचतात, त्या सुकून वाटेवर पसरतात. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवून काटा पूर्ण निघाला का ते बघा; टोक आत राहिलं की नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. प्रत्येकीच्या दोन सुट्या ट्यूब हव्यातच. गावोगावी पंक्चरवाले आहेत आणि मनापासून मदत करतात, पण 29 इंची ट्यूब आणि बारीक व्हॉल्व्ह त्यांच्याकडे मिळत नाही. ट्यूबमध्ये सीलंट (बारीक भोक आतून बुजवणारा द्रव) भरून घेतलं तर उत्तम. हवा 35 पीएसआयच्या आसपास ठेवली की मुरमावर चाक घसरत नाही.

संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा भेटतात. काठावर देवळं, समाध्या, आणि त्यांतच शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीही समाधी. पलीकडच्या काठावरचं क्षेत्र माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. ऊन कलेपर्यंत तिथेच होतो. सातारा शहरात मुक्कामाला जायचं तर शेवटी चार-पाच किलोमीटर चढ आहे, आख्ख्या प्रवासातला एकमेव म्हणावा असा. सावकाश चढा, वर कंदी पेढे आहेत.

दिवस तिसरा: सातारा ते कराड

साठ किलोमीटरच्या आसपास. चिंचणेर वंदन, अंगापूर अशी गावं घेत नदी धरून राहायचं. अंगापूरच्या डोहात समर्थ रामदासांना रामाची आणि अंगलाईची मूर्ती मिळाली, राम चाफळला गेला आणि अंगलाई सज्जनगडावर. डोह विचारल्यावर एका बाईंनी पाण्याची घागर बाजूला ठेवली आणि स्वतः काठापर्यंत आल्या. "वाईच च्या घिऊन जावा की," म्हणाल्या. सातारी माणसाच्या तोंडचं हे "वाईच", म्हणजे "थोडंसं", अर्ध्या तासापेक्षा कमी कधीच नसतं. चहाबरोबर बाजरीची शिळी भाकरी आणि लोणी आलं. सकाळी थंडीत कुडकुडत पंचवीस किलोमीटर मारल्यावर त्या लोण्याची चव काय सांगू!

दुपारनंतर उसाची वाहतूक वाढते. हंगामात या पट्ट्यात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला, आणि चालकाच्या कानाशी मोठ्याने गाणी. त्याला तुमची घंटी ऐकू जात नाही. मागून आवाज आला की रस्ता सोडून खाली उतरायचं आणि दोन्ही ट्रॉल्या जाईपर्यंत थांबायचं. पहिली गेली म्हणून चाक रस्त्यावर घेऊ नका. सकाळी सहा ते अकरा हीच या भागातली सायकलची खरी वेळ.

उंब्रजच्या पुढे धूर आणि गोडसर करपट वास आला म्हणून वळलो. गुऱ्हाळ. चरकावर ऊस, पलीकडे चुलवाण, त्यात एक माणूस सतत चिपाडं सारतोय. काहिलीत रस उकळत होता, वर हिरवट-काळी मळी जमत होती आणि गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्याने ती ओढून काढत होता. मळी वर यावी म्हणून रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. आम्ही थांबलो तेव्हा आधण उतरायला आलं होतं. गुळव्याने उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, बोटांत धरून गोळी वळली, दगडावर मारली. आवाज ऐकला. मान हलवली नाही. पुन्हा दोन मिनिटांनी तेच. तिसऱ्या वेळी "धरा!" म्हणाला आणि चार माणसं काहिलीला भिडली. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. गोळीचा दगडावरचा आवाज. पाक वाफ्यात ओतला तेव्हा त्याचा रंग आधी लाल आणि मग हलवता हलवता सोनेरी होत गेला.

आम्हाला पानावर गरम गूळ मिळाला आणि पाण्याची एक बाटली भरून काकवी. पैसे घेतले नाहीत. "सायकलीवर आलाय, वजन झालं तर सांगा," एवढंच. ती काकवी सांगलीपर्यंत भाकरी, इडली, ब्रेड, सगळ्याला लावून संपवली.

कराडला प्रीतिसंगमावर अंधार पडायच्या आत पोहोचा. बाकी ठिकाणी नद्या तिरक्या येऊन मिसळतात, इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकत्र पूर्वेकडे वळतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी, बाग, पोरांचा कल्ला आणि भेळेच्या गाड्या. दिवसभराच्या मुरमानंतर गवतावर आडवं व्हायला अशी जागा नाही.

दिवस चौथा: कराड ते औदुंबर

एकच दिवस मिळणार असेल तर हा करा. साठ-पासष्ट किलोमीटर, सगळा सपाट, आणि दर तासाला थांबावं असं काहीतरी.

कार्वे, रेठरे करत निघालो. काळी जमीन, दोन्हीकडे पुरुषभर ऊस, मधूनच हळदीचे सुकत आलेले वाफे. उसाच्या पाणंदीत शिरलं की हवा एकदम गार होते आणि समोर फक्त मातीच्या दोन चाकोऱ्या. मधल्या उंचवट्यावर गवत. चाक चाकोरीत ठेवा, गवतात दगड लपलेले असतात.

एका तोडलेल्या फडात बीडकडची टोळी होती. पहाटे साडेतीनपासून तोड चालू आणि आता न्याहारीला बसलेली. बायकांनी हाक मारली. एकीने सायकल हलवून बघितली, सीट दाबून बघितली, मग भाचीला विचारलं, "किती शिकलीस?" दुसरं वर्ष म्हटल्यावर शेजारी बसलेल्या आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला पुढे ओढलं. "हिला बसव एकदा." सीट खाली केली, भाचीने मागून धरलं आणि ती मुलगी तोडलेल्या फडाच्या कडेने दोन फेऱ्या मारून आली. तिसऱ्या फेरीला भाचीने हात सोडला होता. मुलीची शाळा विचारली. गावाकडं नाव आहे, म्हणाली आई, पण दिवाळीनंतर सगळे इकडेच, उन्हाळ्यापर्यंत. त्यावर आम्ही दोघी पुढे बराच वेळ बोलत गेलो. उसाच्या या हिरव्यागार रस्त्यातून जाताना तो ऊस कोण तोडतं हेही बघायला हवं, आणि सायकलवर असलं की ते दिसतं, कारण ती माणसं हाकेच्या अंतरावर असतात.

नरसिंहपूरला नृसिंह भुयारात आहे. वाकून, अंधारात हात भिंतीला लावत खाली जायचं. खाली समईच्या उजेडात काळ्या शाळीग्रामाची मूर्ती. सायकलचे क्लीट असलेले, म्हणजे पेडलला अडकणारे बूट घालत असाल तर वर काढून ठेवता येतात, पण मोजे बरोबर असू द्या; दगड थंडगार असतो.

बहे इथे कृष्णा दोन प्रवाहांत फुटते आणि मध्ये रामलिंगाचं बेट उरतं. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. राम पूजेला बसला असताना नदीला लोंढा आला आणि मारुतीने बाहू पसरून तो दोन्हीकडे वळवला, अशी कथा पुजाऱ्यांनी सांगितली. बेटाच्या टोकाला उभं राहिलं की पाणी खरोखर दोन्ही बाजूंना वळताना दिसतं. झाडांची सावली दाट. दुपारचे दोन तास इथेच काढले.

या भागात नदी ओलांडायला बंधारे फार सोयीचे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून मोठी वाहनं जात नाहीत, त्यामुळे ते सायकलवाल्यांचे पूलच आहेत. मात्र कठडे नसतात. वारा असेल तर उतरून चालत जा, सायकल पाण्याच्या बाजूला ठेवा आणि स्वतः आतल्या बाजूने चाला.

दुपारचं जेवण एका छोट्या खाणावळीत. अख्खा मसूर, तंदुरी रोटी, कांदा. वाळवा तालुक्यात येऊन अख्खा मसूर न खाता गेलात तर परत यावं लागेल. त्याबरोबर वांग्याचं भरीत आलं. कृष्णाकाठच्या मळईतली वांगी, चुलीवर भाजलेली, वरून कच्चं तेल. बियांचा पत्ता नाही. भाचीने तीन वेळा मागून घेतलं आणि वाढणाऱ्या काकांचा चेहरा खुलला. हा सगळा प्रतिसरकारचा मुलूख. क्रांतिसिंह नाना पाटील जवळच्याच येडेमच्छिंद्रचे. काकांनी आमची दिशा विचारून घेतली आणि एकेका गावाचं नाव घेऊन तिथे 1942 नंतरच्या काळात कोण भूमिगत होतं ते सांगत गेले. उसात लपलेल्या माणसांना भाकरी कोण पोचवायचं, तर घरातल्या बाया, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

वाळव्यावरून नागठाणे. बालगंधर्वांचं हे मूळ गाव. मग अंकलखोप आणि दिवस मावळताना औदुंबर. नरसिंह सरस्वतींनी इथे एक चातुर्मास केला. उंबरांची गर्द झाडी, खाली पादुका, घाटाला लागून पाणी. भक्तनिवासात खोली मिळाली, सायकली ओसरीवर. संक्रांतीला इथे साहित्य संमेलन भरतं आणि कवी सुधांशू इथलेच. आरतीनंतर घाटावर भेटलेले एक निवृत्त शिक्षक दर वर्षी संमेलनाला शेवटपर्यंत बसतात. त्यांना या वर्षीच्या कविता तोंडपाठ होत्या, आणि त्यांतल्या दोन त्यांनी म्हणून दाखवल्या. रात्री घाटावर थंडी चांगलीच असते, शाल हवी.

दिवस पाचवा: भिलवडी, सांगली, हरिपूर

पूल ओलांडला की भिलवडी. भलामोठा दगडी घाट. चितळ्यांच्या दुधाच्या व्यवसायाची सुरुवात याच गावातून झाली. सकाळी गावातल्या प्रत्येक रस्त्यावर दुधाचे कॅन, आणि सायकलपेक्षा कॅनला वाट द्यायची हा नियम.

पुढे येरळा कृष्णेला मिळते त्या ब्रह्मनाळला थांबलो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुरातून माणसं बाहेर काढताना इथे बोट उलटली आणि गावातली माणसं गेली. पारावर बसलेल्यांना आम्ही काही विचारलं नाही. पाणी मागितलं, त्यांनी दिलं, आणि एकाने आपणहून समोरच्या घराच्या भिंतीकडे बोट केलं. खिडकीच्या बऱ्याच वर एक आडवी मळकट रेघ. "हितवर." तेवढंच. ऊन लख्ख होतं, नदी खाली शांत वाहत होती आणि ती रेघ माझ्या डोक्याच्या वर होती.

सांगलीत आयर्विन पुलाखाली पाण्याची उंची मोजायच्या खुणा आहेत. धोक्याची पातळी 45 फूट, 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पूल 1929 चा. खालून मान वर करून बघितल्याशिवाय ते 57 फूट म्हणजे काय ते कळत नाही.

सांगलीतून हरिपूरचा रस्ता चिंचांच्या झाडांचा आहे. संगमेश्वराच्या देवळाखाली वारणा कृष्णेला मिळते. वारणेचं पाणी जरा वेगळ्या रंगाचं दिसलं. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. आणि हळदीची पेवं इथलीच. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं. आत हळद भरून तोंड मातीने बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही, अशी इथली माती आहे. 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि बरीच पेवं कायमची बंद पडली. एक जुनं तोंड आम्हाला दाखवलं. झाकण उघडल्यावर अजून हळदीचा वास येत होता. मला वाटतं, एखादं तरी पेव नीट जपून लोकांना आत डोकावता येईल असं करायला हवं. ही विद्या फार ठिकाणी नाही.

भडंग घ्या. हलकं असतं, पिशवीत चुरत नाही, आणि पुढच्या दिवशी लागतंच.

शेवटचा दिवस: नरसोबाची वाडी, खिद्रापूर

अंकलीचा पूल, उदगाव, शिरोळ आणि वाडी. वीस-बावीस किलोमीटर, नऊच्या आत. पंचगंगा इथे कृष्णेला मिळते. पावसाळ्यात देवळात पाणी शिरतं तेव्हा दक्षिणद्वाराच्या स्नानाला गर्दी लोटते. आता नदी घाटाच्या कितीतरी पायऱ्या खाली होती. दर्शन झालं, बासुंदी झाली, कवठाची बर्फी घेतली. कवठाची बर्फी आंबटगोड असते आणि उन्हात सायकल चालवताना तोंडाला पाणी सुटत राहतं, त्यामुळे खिशात ठेवायला पेढ्यापेक्षा तीच बरी.

कुरुंदवाडवरून खिद्रापूरला जाताना सैनिक टाकळी लागते. या गावातून इतके जण सैन्यात गेले की नावच तसं पडलं. चौकात एका निवृत्त सुभेदारांनी आमच्या सायकलींची साखळी बघितली, "कोरडी पडलीय" म्हणाले, घरातून तेल आणलं आणि दोन्ही साखळ्यांना एकेक कडी फिरवत घातलं. धूळ पुसल्याशिवाय तेल घालायचं नाही, हे भाचीला त्यांनी करून दाखवलं. रोज संध्याकाळी सुक्या फडक्याने साखळी पुसून थेंबभर तेल, एवढं केलं तर मुरमाचा रस्ता काही बिघडवत नाही.

कोपेश्वराचं मंदिर शिलाहारांच्या काळातलं. स्वर्गमंडपात 48 खांब आणि छताला मधोमध गोल उघडं आकाश. त्या गोलाखाली तेवढ्याच मापाची गोल शिळा. भर दुपारी उन्हाचं वर्तुळ शिळेवर सरकत होतं आणि भाची त्याच्या कडेला बसून ते किती वेळात किती सरकतं ते बघत होती. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही. तो नदीपलीकडे कर्नाटकातल्या यडूरला. बाहेर पायाशी हत्तींची रांग आहे, प्रत्येकाच्या झुलीची नक्षी वेगळी. घाईत जाऊ नका, दोन तास लागतातच.

परत वाडीवरून मिरजेला आलो आणि तिथून पुण्याची रेल्वे पकडली. सायकली सामानाच्या डब्यात टाकायच्या तर दीड तास आधी पोहोचा, पेडल सोडवून ठेवा, हँडल आडवं वळवा आणि नाव-गंतव्य लिहिलेला कागद फ्रेमला दोन ठिकाणी बांधा. मार्चपासून हा पट्टा सकाळी नऊनंतरच तापतो, पावसाळ्यात पाणंदीतली काळी माती चाकाला चिकटून सायकल ढकलणंही होत नाही. तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी. आणि लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर अख्खा प्रवास न करता बहे ते औदुंबर एक दिवस आणि औदुंबर ते हरिपूर दुसरा दिवस, एवढंच करा. दोन्हीकडे दर पाच-सात किलोमीटरला गाव, सावली आणि पाणी आहे.